नावावर गेलो आणि प्लग अंगलट आले

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत ‘गाडीच्या मागचा आकडा म्हणजे इंजिन’ असं ठणकावून सांगणारा लेख वाचला. लेखकमहाशयांनी दाखला दिलाय मारुती ८०० चा. बरोबर आहे, ७९६ सीसी. पण ती आली १९८३ साली. त्यानंतर बरंच पेट्रोल जळून गेलं.

त्याच कंपनीच्या डिझेल गाड्यांवर पुढे ‘डीडीआयएस १९०’ आणि ‘डीडीआयएस २००’ आलं. लेखाच्या हिशेबाने त्या पल्सरच झाल्या! इंजिन दोन्हीकडे १२४८ सीसीचं, आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, न्यूटन मीटरमधला. मूळ इंजिन फियाटचं. तिथे त्याचं नाव मल्टिजेट, टाटांकडे क्वाड्राजेट. घरी बंड्या, शाळेत श्रीपाद. आमच्या समोरच्या बंगल्यातल्या ऑडीवर ४० आहे, म्हणून ती चार लिटरची नव्हे, दोनचीच. २०१७ साली त्यांनी आकडे ताकदीवर बेतले, त्यात ४० म्हणजे १२५ ते १५० किलोवॉट.

आता माझं. गाडी २०१० ची, नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षी तिचं इंजिन बदललं. चाराचे तीन सिलिंडर झाले आणि नाव तेच राहिलं. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत स्पार्क प्लग घ्यायला गेलो, सिलिंडरमागे एक लागतो. दुकानदाराने नाव आणि साल विचारून चार डब्या काउंटरवर मांडल्या. मी म्हटलं, नक्की ना? ‘भिया, बीस साल से येई बेच रिया हूँ.’ घरी मेकॅनिकने तीन जुने प्लग काढले आणि चौथी डबी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. बरं, बाकीचे तीन तरी बसावेत? तेही जुन्या इंजिनाचे निघाले. परत करायला गेलो तर ‘खुल्ला माल वापस नी होगा’. चारही प्लग अजून देवघराखालच्या खणात आहेत, जपमाळेशेजारी.

सिलिंडर किती ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, छापलेलं असतं, हे मला त्या मेकॅनिकने सांगितलं. आरसी तेव्हा खिशातच होती, कबूल! पण एवढ्या अर्ध्या पानाच्या लेखात आरसीला एक ओळ मिळू नये? विमेवाले मागचा बिल्ला बघत बसत नाहीत. आरसीवरची सीसी बघतात आणि थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता लावतात: २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६, पुढे एकदम ७८९७. लेखकांनी आपली पॉलिसी काढून बघावी. गाडी असेल तर.

जाता जाता, गेले दोन रविवार शब्दकोड्याचं उत्तर छापलेलं नाही. उभे ७, ‘ठिणगी पाडणारा दगड’, चार अक्षरं. मी गारगोटी लिहिलंय, घरचे चकमक म्हणतात. कृपया कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर