अर्ध्यात डंजन सोडणाऱ्यास शिक्षा हवी, पण झालेले नुकसान पाहून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांतून ऑनलाइन खेळांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक व्यसन, पैसा आणि अभ्यास यांच्याभोवती फिरते. या खेळांत अनोळखी माणसे तासन्‌तास एकत्र काम करत असतात आणि त्यांच्या परस्परांशी वागण्याचेही काही नियम असावे लागतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. असाच एक नियम म्हणजे गटाने खेळायची डंजनची (शत्रूंनी भरलेल्या भुयार-किल्ल्यासारख्या ठिकाणाची) फेरी अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या खेळाडूला होणारी शिक्षा. 'खेळच तर आहे, कंटाळा आला की उठावे, त्याला शिक्षा कसली?' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. मात्र आज बहुतेक ठिकाणी दिली जाणारी सरसकट शिक्षाही मला तितकीच चुकीची वाटते.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये डंजनचा नेहमीचा गट पाच जणांचा असतो: शत्रूचे घाव अंगावर घेणारा एक टँक, सर्वांना जिवंत ठेवणारा एक हीलर आणि शत्रूला मारणारे तीन खेळाडू, ज्यांना सगळे 'डीपीएस' म्हणतात. 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'मध्ये हाच गट चौघांचा असून त्यात मारणारे दोघे असतात. ही कामे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की हीलर निघून गेला तर उरलेल्यांना पुढच्या बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूसमोर, उभे राहण्यातही अर्थ उरत नाही. पत्त्यांच्या डावातून चौथा भिडू उठून गेल्यावर उरलेल्या तिघांच्या हातात चांगली पाने असूनही उपयोग नसतो, तसेच हे आहे. सोडणारा स्वतःचा खेळ थांबवतो तेव्हा तो इतर तिघाचौघांचा अर्धा तासही बुडवतो, आणि तो वेळ त्याच्या मालकीचा नसतो.

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र नव्हता, याचे कारण माणसे अधिक सज्जन होती असे मुळीच नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली आला तेव्हा गट जमवण्यासाठी आपल्याच सर्व्हरवरील लोकांना चॅटमधून हाका माराव्या लागत. त्याला वेळ फार लागे, पण ज्याने एकदा दगा दिला त्याचे नाव सर्व्हरभर होई आणि चांगल्या गिल्डची (खेळाडूंच्या कायमच्या संघांची) दारे त्याला बंद होत. डिसेंबर २००९ मध्ये गट आपोआप जुळवणारी 'डंजन फाइंडर' ही सोय आली आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरील खेळाडू एका क्लिकवर एकत्र येऊ लागले. सोय मोठी होती, यात शंका नाही. परंतु ज्यांच्याशी पुन्हा कधी गाठ पडणार नाही अशा माणसांपुढे लाजेचे बंधन उरत नाही. ते काम मग यंत्राकडे आले, आणि यंत्राने ते घड्याळावर सोपवले: फेरी सोडलीत, तर तीस मिनिटे नवा गट मिळण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहता येणार नाही. 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'मध्येही तीस मिनिटांचीच बंदी आहे.

माझा मुख्य आक्षेप या तीस मिनिटांच्या एकाच मापावर आहे. पहिल्या मिनिटात निघून जाणारा आणि शेवटच्या बॉसच्या तोंडाशी गटाला सोडणारा, या दोघांना एकच शिक्षा होते. डीपीएस खेळाडू गेला तर रांगेत ताटकळत असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी ती जागा लगेच मिळते. टँक किंवा हीलर गेला तर बदली माणूस मिळेपर्यंत गट बसून राहतो, कारण ही कामे पत्करणारे मुळातच कमी असतात. दोघांनी केलेल्या नुकसानीत एवढा फरक असताना शिक्षेत मात्र काहीच फरक नाही. त्यातून ही बंदी पुष्कळदा संपूर्ण खात्याला न लागता त्या एका कॅरेक्टरला (खात्यातील एका पात्राला) लागते, त्यामुळे ज्याच्याजवळ पाच-सहा कॅरेक्टर तयार आहेत तो दुसरे उघडून लगेच खेळायला लागतो. शिक्षा खरी भोगतो तो नवखा, ज्याच्याजवळ एकच कॅरेक्टर आहे आणि ज्याला बहुधा हा नियमच माहीत नसतो.

याहून विचित्र गोष्ट अशी की, जिथे नुकसान सर्वांत जास्त होते तिथे बरीच वर्षे शिक्षाच नव्हती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०१६ साली आलेल्या 'मिथिक प्लस' या प्रकारात फेरी घड्याळ लावून खेळली जाते, ती गटातील एका खेळाडूच्या कीस्टोनवर (फेरी उघडणाऱ्या, अवघडपणाची पातळी ठरवणाऱ्या किल्लीवर) सुरू होते, आणि वेळेत पूर्ण झाली नाही तर त्या कीस्टोनची पातळी खाली येते. एकदा फेरी सुरू झाली की गेलेल्याच्या जागी दुसरा माणूस घेता येत नाही. म्हणजे एक जण पहिल्या चुकीनंतर रागावून निघून गेला की चौघांची फेरी आणि एकाचा कीस्टोन, दोन्ही वाया. तरीही सोडणाऱ्यास काही होत नसे. वारंवार फेऱ्या सोडणाऱ्याच्या नावापुढे गट जमवतानाच दिसेल अशी खूण, आणि फेरी सोडून द्यावी का याचा निर्णय गटाने मताने घेण्याची सोय, या दोन्ही गोष्टी तिथे २०२५ मध्ये आल्या. नऊ वर्षे हा फार मोठा काळ झाला, पण दिशा योग्य आहे असे मला वाटते.

ती योग्य वाटण्याचे कारण असे की, माणूस का गेला हे यंत्राला कधीच कळू शकत नाही. नेटवर्क तुटलेला आणि मुद्दाम केबल ओढलेला, हे दोघे सर्व्हरच्या लेखी सारखेच असतात. कोणाचे मूल रडत उठलेले असते, कोणाच्या घरी आजारी माणसाला हाक ऐकू जाईल अशा अंतरावर राहावे लागते. अशा माणसाला एका प्रसंगावरून दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. पण तेच वीस फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत घडत असेल तर कारण काहीही असो, त्या माणसाने अनोळखी लोकांच्या वेळेची जबाबदारी घेऊ नये, असे म्हणण्यात अन्याय नाही. म्हणून हेतू शोधण्याच्या फंदात न पडता सवय पाहावी. पहिल्या खेपेस इशारा पुरे. तुटलेल्यास परत येण्यासाठी काही मिनिटांची मुभा हवीच. त्यानंतर मात्र दर वेळी बंदीचा काळ वाढत जावा आणि तो संपूर्ण खात्याला लागू व्हावा.

शिक्षेबरोबर सन्मानाने बाहेर पडण्याचा मार्गही हवा. एकाच बॉसपुढे गट सहा वेळा मेला आहे, कोणालाच आशा उरलेली नाही, आणि तरी पहिला निघणाऱ्याला बंदी लागणार म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे आहेत, असा प्रसंग बहुतेक खेळाडूंनी अनुभवला असेल. अशा वेळी शिक्षेची भीती खेळाडूंना नुसती अडकवून ठेवते. मतदानाने फेरी संपवण्याची सोय 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'मध्ये आहे, ती प्रत्येक खेळात असावी. मताने एखाद्याला गटातून काढून टाकण्याच्या सोयीबाबत मात्र मी साशंक आहे. तिघे मित्र एका गटात आले की चौथ्या नवख्याचे काय होते ते सांगायला नको. शिवाय जिथे काढलेल्याला बंदी लागत नाही तिथे काही महाभाग मुद्दाम एएफके होऊन, म्हणजे काहीही न करता नुसते उभे राहून, स्वतःला काढून घेतात. सोडून जाण्याचाच हा आडमार्ग आहे, आणि शिक्षेचा नियम करताना तो विसरून चालणार नाही.

दंडापेक्षा बक्षीस बरे, असा युक्तिवादही ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील 'ऑक्युलस' हे डंजन ड्रेकवर (उडत्या ड्रॅगनवर) बसून लढावे लागते म्हणून इतके नावडते होते की आपोआप जुळलेल्या गटांतील खेळाडू ते नाव पाहताच निघून जात. शेवटी कंपनीने ते सोपे केले आणि पूर्ण करणाऱ्यांना जादा बक्षिसाची पेटी देऊ केली, जिच्यात नशीब असल्यास स्वारीसाठी निळा ड्रेकही मिळे. लोक का सोडतात हे विचारले की कधीकधी दोष डंजनच्या रचनेतच सापडतो, हे यातून दिसते. पण पहिल्याच बॉसकडून हवी ती लूट मिळताच पसार होणाऱ्याला बक्षिसाने कसे थांबवणार? त्याचे बक्षीस त्याच्या खिशात पडलेलेच असते.

ज्यांना खरोखरच वेळेची हमी देता येत नाही त्यांच्यासाठी आता चांगला पर्याय आहे. 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'ने २०२२ पासून मुख्य कथेतील अनेक डंजनमध्ये आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने जानेवारी २०२४ पासून काही डंजनमध्ये संगणकाने चालवलेल्या साथीदारांसह खेळण्याची सोय दिली आहे. हवे तेव्हा थांबावे, हवे तेव्हा उठावे, कोणाचे नुकसान नाही. हा पर्याय जितका वाढेल तितकी, अनोळखी माणसांच्या गटात येणाऱ्याने फेरी पूर्ण करावी ही अपेक्षा अधिक रास्त ठरेल.

'मी दरमहा पैसे भरतो, मला शिक्षा करणारे तुम्ही कोण?' या प्रश्नाला लांब उत्तर देण्याची गरज नाही. गटातील बाकीचेही पैसे भरतात. तक्रारीला जागा आहे ती पारदर्शकतेबाबत. नावापुढे खूण लावायची असेल तर ती किती फेऱ्या सोडल्याने लागते आणि किती फेऱ्या पूर्ण केल्याने जाते, हे खेळाडूला आधी कळले पाहिजे. स्वतःचा हिशेब त्याला स्वतःच्या पडद्यावर पाहता आला पाहिजे, आणि सर्व्हरच बंद पडल्यामुळे तुटलेली फेरी त्यातून वगळण्याची मागणी त्याला करता आली पाहिजे.

आपला,
एक वाचक