पहिला भाग आजच वाचावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने सल्ला दिला आहे की, लेखकाने जी पुस्तकमालिका पुरी केलेली नाही तिचा पहिला भाग हातातच घेऊ नये. सगळे भाग निघाले की एकदम संच घ्यावा, म्हणजे पैसे वाया जात नाहीत आणि जीवही टांगणीला लागत नाही. त्यांचा वैताग मला समजतो. पण हा सल्ला मला मुळीच पटत नाही, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर तो घातक आहे, म्हणून हे पत्र.

माझी भाची इथे बडोद्याच्या विद्यापीठात शिकते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका तिने झपाटल्यासारखी वाचून काढली. पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहाव्याची वाट सगळे जग पाहते आहे. “मामा, पाचवा भाग आला तेव्हा मी पहिलीत होते,” असे ती म्हणते तेव्हा तिची चडफड लपत नाही. पण तिच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. तीत तिने एकेका घराण्याची वंशावळ काढली आहे. मेलेल्यांच्या नावापुढे फुली आणि ज्यांच्याबद्दल खात्री नाही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह. मैत्रिणी आल्या की या प्रश्नचिन्हांवरून रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. कोणता धागा कुठे जाईल, कोणत्या वाक्यात लेखकाने आधीच सुचवून ठेवले आहे, हे त्या पानांनिशी दाखवतात. इतके बारकाईने वाचणे मी तरी परीक्षेच्या अभ्यासातही पाहिलेले नाही. पुढचा भाग शेजारीच पडलेला असता तर ही वही कशाला निघाली असती? आणि जे ‘आधी पुरी होऊ दे’ म्हणून थांबले त्यांना काय मिळाले? त्याच कथेवरची दूरचित्रवाणी मालिका पुस्तकांना मागे टाकून पुढे गेली आणि २०१९ मध्ये संपलीसुद्धा. शेवट त्यांच्या कानावर आलाच, फक्त तो लेखकाच्या लेखणीतून आला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना गुजराती वाचता येते, म्हणून जवळचे उदाहरण देतो. नडियादच्या गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या ‘सरस्वतीचंद्र’ या कादंबरीचे चार भाग १८८७, १८९२, १८९८ आणि १९०१ साली निघाले. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत चौदा वर्षे. मधल्या काळात प्लेग आला, छप्पनचा म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ पडला. पहिला भाग वाचलेले कितीतरी लोक चौथा हाती पडण्याआधी गेले असतील. संच पुरा होईपर्यंत हात लावायचा नाही असे त्यांनी ठरवले असते, तर त्यांच्या पदरी एक ओळही पडली नसती.

हा जुना संच आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांकडे आहे. पहिल्या भागाची शिवण उसवल्यामुळे तो पुन्हा बांधून घेतलेला, कोपरे बोटांनी काळवंडलेले. दुसऱ्याच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा, मध्येच एका पानावर हळदीचा डाग. तिसऱ्याची पाठ अजून ताठ आहे. चौथा उघडला तर काही पाने वरच्या बाजूला जोडलेलीच आहेत, कोणी ती कापलेलीही नाहीत. हे घर वाचणाऱ्यांचे आहे, आणि संच पुरा असूनही असे झाले. माझ्या मते मालिकेच्या चर्चेत ही गोष्ट कोणीच लक्षात घेत नाही. लेखकाने शेवट लिहिला म्हणजे वाचक तिथपर्यंत पोचतो असे मुळीच नाही. जाडजूड चार खंड एकदम समोर आले की माणूस दबकतो. तेच खंड काही वर्षांच्या अंतराने आले तर प्रत्येकाला आपला असा वेळ मिळतो.

लेखक मध्येच गेला तर काय, हा पत्रलेखकांचा दुसरा प्रश्न. तो आजचा नाही. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. आपल्या बडोद्याच्या प्रेमानंद कवीचा ‘दशमस्कंध’ राहिला, तो सुंदर मेवाड्याने पुरा केला. इंग्रजीत रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका २००७ मध्ये त्यांच्या निधनाने थांबली. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन भाग लिहिले आणि २०१३ मध्ये चौदाव्या भागाने ती संपली. कधी कधी मात्र कोणी पुरे करत नाही. बडोदा कॉलेजात शिकलेले कन्हैयालाल मुन्शी १९७१ मध्ये गेले तेव्हा ‘कृष्णावतार’चा आठवा भाग अर्धाच होता. मी सातही भाग वाचले आहेत आणि आठव्यातले जेवढे छापले आहे तेवढेही वाचले आहे. त्यातली द्रौपदी, त्यातला तरुण कृष्ण माझ्या मनात पक्के बसले आहेत, आणि शेवटची पाने नाहीत म्हणून ते तसूभरही उणे झालेले नाहीत.

आता मराठीकडे येतो, कारण खरी काळजी तिथली आहे. मराठीत कादंबरीची एखादी हजार प्रतींची आवृत्ती खपायलाही वर्षे लागतात, हे कोणत्याही पुस्तकविक्रेत्याला विचारावे. अशा वेळी एखाद्या नव्या लेखकाने तीन भागांची कादंबरी योजली आणि पहिला भाग आला, तर प्रकाशक काय पाहतो? तो पहिल्याचा खप पाहतो. चोखंदळ वाचकांनी ‘तिन्ही येऊ देत, मग बघू’ असे म्हटले की पहिला भाग गठ्ठ्यातच राहतो, प्रकाशक दुसऱ्यात पैसे घालायला कचरतो, लेखकाचा उत्साह मावळतो आणि मालिका अपुरी राहते. मग तोच वाचक म्हणतो, पाहा, मी सांगत होतो. हरि नारायण आपट्यांच्या वाचकांनी असा विचार केला असता तर १८९० मध्ये सुरू झालेले ‘करमणूक’ चाललेच नसते. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी लोकांनी त्यात प्रकरणाप्रकरणाने वाचली, पुढचा अंक कधी येतो म्हणून वाट पाहत वाचली.

पत्रलेखकांनी भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’चे उदाहरण दिले आहे. २०१० मध्ये आलेली ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून आली, म्हणून ती आपण कपाटातच ठेवली आहे, असे ते लिहितात. हे वाचून मला फार वाईट वाटले. मोहेंजोदडोच्या उत्खननावर काम करणारा खंडेराव वडिलांसाठी मोरगावला परततो आणि त्या परतीच्या वाटेवर सगळे गाव, शेती, नातेवाईक, बायकांची दुःखे आठवत जातो. हे सगळे त्या एका पुस्तकात भरभरून आहे. पुढचे भाग कधी येतील ते येवोत. इतक्या वर्षांत ते पुस्तक दोनदा वाचून झाले असते.

सगळ्याच मालिका सारख्या नसतात, हे मात्र खरे. काहींचा प्रत्येक भाग आपल्यापुरती एक गोष्ट संपवतो, काहींत नायकाला दरीच्या टोकावर लटकत ठेवून पुस्तक मिटते. दुसऱ्या प्रकाराचा ज्याला मनापासून त्रास होतो त्याने आधी वाचलेल्या कोणाला तरी विचारून घ्यावे. नावे विसरायला होतात ही अडचण असेल, तर स्वतःच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पात्रांची नाती पेन्सिलीने लिहून ठेवावीत. मी तेच करतो, आणि पुढचा भाग आला की मागचे सगळे पुन्हा वाचावे लागत नाही. पैसे अडकण्याची भीती असेल तर ग्रंथालय आहे. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभे केले, पेट्यांत पुस्तके भरून खेड्यापाड्यांत पाठवली, तिथल्या वाचकाने पुस्तक विकत घेण्याच्या भीतीपायी न वाचता राहू नये. इथल्याच प्राच्यविद्या मंदिराची वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत १९६० ते १९७५ अशी निघत गेली. बालकांड हाती आल्यावर अभ्यासकांनी ते लगेच वापरायला घेतले, उत्तरकांडासाठी ते थांबले नाहीत.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली आपल्यालाच. पुस्तक परीक्षणाच्या सदरात मालिकेतल्या पुस्तकाबद्दल लिहिताना तो कितवा भाग आहे, पुढचे भाग यायचे आहेत का, आणि हा भाग एकटा वाचला तर पुरा वाटतो का, एवढी माहिती परीक्षणाच्या खाली आवर्जून छापावी. दुसरी विनंती ग्रंथालयांना. एका ग्रंथालयात मला एका मालिकेचा दुसरा आणि चौथा भाग मिळाला. पहिला हरवलेला, तिसरा कधी घेतलाच नव्हता. एखाद्या मालिकेचा पहिला भाग घेतला की पुढचे भाग निघतील तसे मागवायची नोंद ग्रंथपालांनी त्याच वेळी करून ठेवावी, आणि हरवलेल्या भागाची नवी प्रत खरेदीच्या यादीत सगळ्यात वर घ्यावी.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे