कोजागरीला गडावर

ती. आई-बाबांना सा. न.

कोजागरीच्या रात्री मी फोन उचलला नाही म्हणून बाबा चिडलेत, असं दादा म्हणाला. मैत्रिणीकडे दूध प्यायला गेले होते, असं मी त्याला सांगितलं, ते खोटं. मी सप्तशृंगी गडावर होते, तृतीयपंथीयांच्या छबिन्याला, म्हणजे देवीच्या मिरवणुकीला. फोनवर सांगायला गेले असते तर आई, तू ‘अगं बाई’ म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असतास. म्हणून लिहिते.

बाबा, तुम्ही चैत्रात अमळनेरहून पायी गडावर जायचात. तुमच्या त्या गोष्टींतला गड मला तोंडपाठ आहे. कोजागरीचा गड त्याहून निराळा. त्या वेळी कावडीवाले नद्यांचं पाणी घेऊन देवीच्या अभिषेकाला येतात आणि तृतीयपंथी छबिना काढतात. कुलदैवत आपलं, आणि चौतीस वर्षांत मला याचा पत्ता नव्हता!

मला नेलं ते आमच्या बँकेतल्या एका खातेदाराने. म्हणजे तिने. खातं उघडायला आली तेव्हा अर्जात स्त्री-पुरुष सोडून तिसऱ्या, तृतीयपंथीयांच्या रकान्यावर खूण करायची माझी पहिलीच वेळ. रिझर्व्ह बँकेने २०१५ सालीच हा रकाना ठेवायला सांगितलाय, पण तो भरून घ्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. कागदांवरची नावं जुळेनात. मी काउंटरवरून चांगलं खणखणीत विचारलं, ‘तुमचं आधीचं नाव काय?’ सगळी रांग वळून बघायला लागली. तिने पर्समधून कलेक्टर कचेरीचं ओळखपत्र काढलं, काचेखालून सरकवलं आणि म्हणाली, ‘आताचं नाव यावर आहे मॅडम. हळू वाचा.’ त्या दुपारी डबा तसाच परत आणला. पुढे ती आली की मी उठून जायचे, अशी ओळख वाढली. पोलीस भरतीची तयारी करते ती. २०२२ च्या डिसेंबरात हायकोर्टाने सरकारला खडसावलं तेव्हा कुठे भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी सोय झाली. रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर पळते.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटी धरली, नांदुरीला बस बदलली. बसमध्ये तिच्या शेजारची सीट बराच वेळ रिकामी राहिली, मग मीच जाऊन बसले. खरं सांगायचं तर मीही आधी पुढच्या सीटवर बसले होते.

गडावर हलगी आणि संबळ यांनी कान बसले होते. हिरव्या साड्या, मळवट भरलेली कपाळं, झेंडूचे हार, डोक्यावर देवी घेऊन नाचणाऱ्या. मुंबईच्या होत्या, सुरतेच्याही होत्या. मी आपली पर्स पोटाशी धरून कडेला उभी. का धरली होती कोण जाणे, सवयीने. एका ओसरीवर त्यांची म्हातारी गुरू बसली होती. चेल्या येत, ‘पांव पडती’ म्हणत, ती न बघताच ‘जीते रहो’ म्हणे. टाचा भेगांनी फाटलेल्या, आणि एक तरुण चेली त्या भेगांत कोमट तेल जिरवत होती. अगदी तशी, जशी आई तू आजीच्या टाचांना लावायचीस. त्या वेळी आजूबाजूचा गोंगाट मला ऐकूच येईना.

म्हातारीने विचारलं, ‘कुठली गं?’ मी अमळनेर म्हटलं. ‘म्हणजे चैत्रातली पायी येणारी मंडळी,’ असं म्हणून तिने मला कुंकू लावलं आणि मसाला दुधाचा पेला हातात दिला. आरतीला मीही टाळ्या वाजवल्या तर आमची बाई हसायला लागली. ‘ही भजनातली झाली. आमची अशी, एक तळवा आडवा, एक उभा, बोटं मोकळी.’ मला काही जमली नाही. हात मात्र दोन दिवस दुखत होते.

आई, दादाच्या मुलाच्या बारशाला एक तृतीयपंथी आली होती, ती आठवते? तिने दातात धरून दिलेला रुपया तू हळदकुंकू लावून तांदळाच्या डब्यात जपून ठेवलायस. तिने पाणी मागितलं तेव्हा मात्र ओट्याखाली उभं करून, तांब्याने वरून ओंजळीत ओतलं. ओतणारी मीच होते. तू सांगितलं नव्हतंस, मलाही विचारावंसं वाटलं नाही. तिच्या हाताचा रुपया चालला, आपला पेला तिच्या ओठाला नाही. गडावर तो दुधाचा पेला हातात आला तेव्हा मला हे आठवलं. दूध गार झालं तरी मी धरूनच बसले होते.

आता मुद्द्याचं. दिवाळी झाली की तुम्ही नाशिकला येताय, आणि त्यानंतरच्या रविवारी मी तिला जेवायला बोलावलंय. तुम्हाला न विचारता बोलावलंय, याबद्दल काय बोलायचं ते मला बोला, तिच्यासमोर नको. आई, तुला जड जात असेल तर आधी कळव, मी तिला दुसरा वार देईन. बोलावणं रद्द करणार नाही.

बाबा, येताना भरिताची वांगी आणा, काटेरी देठांची. ती तीन भाकरी सहज खाते म्हणून दोन जास्तच घ्या. आणि आई, तो रुपया तिला दाखवायचा आहे. डब्यातून काढलेला चालत नसेल तर राहू दे.

गुडघ्याचं तेल संपलं का, ते लिहा.

तुमची
छोटी