कोकोरो नो तोमो

जकार्ता, रविवार रात्र

प्रिय अव्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या तयार असतील. भेटीपर्यंत राखून ठेव. तब्येत ठीक, साखर काठावर.

शुक्रवारी ओसाकाहून आलेल्या साहेबांना ऑफिसनं कराओकेला नेलं. आमचे ड्रायव्हर पाक अगुस माइक घेऊन उभे राहिले आणि लावलं 'कोकोरो नो तोमो'. अख्खी खोली गायला लागली, चहावाली पोरंसुद्धा. गप्प एकटे साहेब. हळूच मला विचारतात, "हे कुणाचं गाणं?" जपानी गाणं, आणि जपान्यालाच ठाऊक नाही! मायुमी इत्सुवाला तिकडे ओळखतात ते १९८० च्या 'कोइबितो यो'साठी. हे १९८२ च्या अल्बममधलं, घरी फारसं कुणी विचारलं नाही. इथल्या रेडिओनं उचललं आणि घरोघरी गेलं.

रानडे इन्स्टिट्यूटच्या कट्ट्यावर तू म्हणाला होतास, "कोकोरो म्हणजे मन, तोमो म्हणजे मित्र, एवढं जपानी मला पुरे." आणि तिसऱ्या लेव्हलला क्लास सोडून पळालास. माझी वही घेऊन, चोरा.

पुढची गंमत ऐक. साहेबांनी माइक घेतला आणि गायले काय, 'बंगावान सोलो'! इथल्याच गेसांगनं १९४० मध्ये रचलेलं, युद्धात इथे आलेल्या जपानी सैनिकांनी घरी नेलेलं. साहेबांना आजीनं शिकवलेलं. पाक अगुस रडायलाच लागले.

मुक्ताला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, हे कोण ऐकतं?" तिच्या कानात चोवीस तास कोरियन. जेकेटी ४८ म्हणजे तिच्या लेखी मावश्यांचं खूळ. एकेबी ४८ या जपानी पोरींच्या गाण्याच्या ग्रुपची ही जकार्ताची बहीण निघाली २०११ मध्ये, म्हणजे बघ. जपान्यांचा घरचा बाजार अमेरिकेखालोखाल, ते सीड्या विकत घरीच बसले. कोरियावाले दारोदार फिरले. इथल्या बँडांचंही तेच झालं. मलेशियात इतके वाजायचे की २००८ मध्ये तिथल्या कलाकारांनी रेडिओवर नव्वद टक्के गाणी आपली हवीत म्हणून मागणी केली. पण त्यांचं पोट घरच्या कॉलर ट्यूनवर. २०११ मध्ये सरकारनं लोकांच्या फोनमधून त्याचे पैसे कापणं थांबवलं आणि धंदा बसला.

हे सगळं तुला का सांगतोय? कंपनी मार्चमध्ये मला पुण्याला परत पाठवतेय. अकरा वर्षं झाली रे. इथे कोपऱ्यावरचा टपरीवाला मी दिसताच मिरच्या वाढवतो. पुण्यात सोसायटीचा वॉचमन मला वहीत सही करायला लावतो. शुक्रवारपासून झोप नाही. हसू नकोस. दंगडुत, म्हणजे इथलं नाचाचं संगीत, ऐकून मी बिघडलो असं तूच म्हणायचास; त्यातला तबला आपल्याकडचाच, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही.

वहिनींचं गुडघ्याचं झालं का? चिन्याला दहावीला किती पडले? जागेच्या केसचं कळव.

वही टपालानं पाठवू नकोस. मार्चमध्ये येऊन घेतो.

तुझा,
सुध्या