पांढरा कॅन माझ्याकडे आहे

पुणे, २ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, पडवीतला पेट्रोलचा पांढरा कॅन शोधत असाल तर शोधू नका. भाऊबीज झाल्यावर निघताना मीच तो गाडीत घातला. विचारलं असतं तर तुम्ही दिला नसता, म्हणून विचारलं नाही. त्याचं तेव्हापासून वाईट वाटतंय.

दिवाळीचे चार दिवस तुम्ही पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालत होतात ते मला पहिल्या आंघोळीलाच कळलं. तुळशीपुढे कारीट फोडताना बाही वर गेली आणि मनगटापासून कोपरापर्यंत केस जळलेले दिसले. आईला विचारलं तर ती आधी नेवऱ्यांकडे वळली, मग सगळं सांगितलं. वीडर, तुमचं ते तण काढायचं यंत्र, अर्धा तास चालला होता, टाकी संपली, तुम्ही तशीच भरायला घेतलीत, पेट्रोल सायलेन्सरवर सांडलं आणि भपका झाला. आईच्या हाताशी ओलं गोणपाट होतं म्हणून निभावलं. आत्याच्या आवारातल्या मांगराचं काय झालं ते मी पुन्हा काढत नाही.

यात तुमचा दोष नाही, आधी कॅनचा आहे. त्याला एकच तोंड. पेट्रोल बाहेर यायचं त्याच वाटेने हवा आत जाणार, मग ते गडगड करत धक्क्याने उसळतं. पंचविशीतल्या माणसाचाही हात हलेल. तुमचा थोडा थरथरतो, पण तो काही मोठा मुद्दा नाही, डॉक्टरही तसंच म्हणाले. मुद्दा हा की दहा लिटरचा भरलेला कॅन साडेसात किलोच्या आसपास जातो, आणि तेवढं वजन खांद्याच्या उंचीवर धरून साडेतीन लिटरच्या टाकीच्या इवल्याशा तोंडात नेम धरायचा. जाळीतून पेट्रोल जितक्या वेगाने खाली जातं त्याहून जास्त वेगाने ओतलं की ते उलटं बाहेर येतं.

म्हणून पाच लिटरचा लोखंडी डबा पाठवतेय. भरला तरी चार किलोच्या आसपास. सोबत जाळीचं पत्र्याचं नरसाळं आणि हातपंप. लोखंडीच का, तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात तीस लिटरपर्यंत पेट्रोल घरच्या कामाला विनापरवाना ठेवता येतं, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. प्लास्टिकचं नावही त्यात नाही. तुम्ही आयुष्यभर कोर्टकचेरीचे कागद लिहिलेत, कायद्याचं तरी ऐकाल म्हणून सांगतेय.

डबा ओतताना एक करा. त्याचं तोंड कडेला आहे, ती कड खाली नको, वर राहू दे. म्हणजे डबा आडवा झाला की तोंडातून वरच्या बाजूने हवा आत जाते आणि धार शांत पडते. मी इथे बाल्कनीत पाणी भरून वीस वेळा करून बघितलं. उलटं धरलं की गडगड, सुलटं धरलं की बारीक धार. त्याहून सोपा हातपंपच: डबा स्टुलावर, नळी टाकीत, दोनचार वेळा दाबलं की पेट्रोल आपोआप उतरत राहतं. टाकीच्या मानेच्या खाली बोटभर जागा राहिली की डब्यातलं टोक पेट्रोलच्या वर उचलायचं, धार तुटते. काठोकाठ भरायचं नाही. ऊन चढलं की पेट्रोल फुगतं. वीस अंशांचा फरक पडला तर पाच लिटरमागे शंभर मिली. म्हणून डब्यातही साडेचारच घ्या. पंपावर भरताना डबा स्कूटरवर ठेवू नका, जमिनीवर ठेवा आणि पाइपाचं टोक डब्याला टेकलेलं असू दे.

आणि बाबा, तोंडाने ओढायचं नाही, नळी कितीही जवळ असली तरी. चेतक स्कूटरमधून तुम्ही तसं पेट्रोल काढायचात ते मला अजून दिसतं. कुणाची गाडी घाटीत बंद पडली की तुम्ही नळी लावणार, गाल आत, मग थुंकणार, आणि मी बाटली धरून उभी. "सरळ धर गो बाय." नंतर शाळेत माझ्या फ्रॉकला पेट्रोलचा वास यायचा आणि मला तो तुमचाच वास वाटायचा. पुण्यात पेट्रोल भरताना अजूनही मी दोन क्षण काच उघडी ठेवते. पण त्यातला एक थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते. आई, चुकून गिळलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नकोस. सरळ दवाखाना.

आता खरी काळजी. वीडर पडवीत आणि पायरी उतरली की न्हाणीची चूल. पेट्रोलची वाफ हवेहून तिपटी-चौपटीने जड असते, ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत उताराकडे सरकते. शून्याखाली चाळीस अंशांवरही पेटेल इतकी वाफ ते देतं, मग आपल्याकडच्या उकाड्याची गोष्टच सोडा. पहिल्या आंघोळीला पहाटे चार वाजता चूल धगधगत होती, पडवीत पणत्या, आणि त्या दोन्हींच्या मधे तो कॅन, बूच सैल. मी ते आठवून रात्री उठून बसते.

आई, तू घाबरू नकोस. गिझर घ्या म्हणत नाही. पाणी चुलीवरच तापवा, त्या पाण्याची आंघोळ मलाही हवी असते. वीडरही बाबांचाच, पोफळीची आळी तेच साफ करणार. फक्त वीडर आणि डबा आता मांगरात. खालच्या घरच्या काकांशी बोलले आहे, ते शनिवारी येऊन कडी आणि पत्रा लावून देतील. पैसे दिलेत, बाबा, तुम्ही पुन्हा देऊ नका.

यंत्र बंद केल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. आई तेवढ्यात चहा करेल, तो पायरीवर बसून प्या, मगच भरायला जा. उघड्यावर, सपाटीला भरायचं. अंधारात नाहीच. भरून झालं की टोपण घट्ट, नरसाळं पुसून ठेवायचं, आणि डबा लांब नेल्याशिवाय दोरी ओढायची नाही. सांडलंच तर पाणी ओतू नका, पेट्रोल त्यावर तरंगत पुढे जातं. माती टाका, वीडर दहा पावलं लांब ढकला, सांडलेलं वाळेपर्यंत चालू करू नका. लुंगीवर उडालं तर लुंगी बदला, चुलीपाशी जाऊ नका. फडकं उघड्यावर वाळू दे, न्हाणीतल्या ढिगात नको. महिनाभर पुरेल एवढंच आणा. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, मग पावसाळ्यात यंत्र चालू होत नाही आणि तुम्ही चिडता.

"काय होवचा नाय" असं तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे. तरी तेवढं कराच.

हातावर खोबरेल लावताय ना? डाव्या डोळ्याचे थेंब संपत आले असतील, तेही पार्सलमध्ये घातलेत. ते थंड जागी ठेवायचे, देवळीत नाही.

पांढरा कॅन मी टाकलेला नाही. तुम्ही त्यावर लाल रंगाने "पेट्रोल, हात लावू नये" लिहिलं होतं, मी तिसरीत असताना. बाल्कनीत कोरडा करून ठेवलाय. नवा डबा कोरा आहे. लाल रंगाची डबी आणि ब्रश सोबत घातलाय, त्यावर तुमच्याच अक्षरात लिहा.

तुमची,
बाय