गुपित अशिलाचे, मग अशिलालाच का विचारत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक नीतीचा विषय निघाला की चर्चा हमखास त्या ट्रामगाडीवर येऊन थांबते. गाडीचा ब्रेक गेला आहे. सरळ गेली तर पाच माणसे मरणार, चालकाने दुसऱ्या रुळावर वळवली तर एक. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये गर्भपात आणि दुहेरी परिणामाच्या तत्त्वाची (हेतू चांगला असेल तर त्यासोबत अटळपणे येणारा वाईट परिणाम काही वेळा क्षम्य मानणारे तत्त्व) चिकित्सा करताना हे उदाहरण घेतले आणि तिथे ते चपखल होते. वकील, डॉक्टर, अभियंता यांच्या प्रशिक्षणात मात्र ते दिशाभूल करते. त्यात काय होणार हे आधीच पक्के ठाऊक असते, पर्याय मोजून दोन असतात आणि विचारायला कुणी नसते. कामाच्या टेबलावर येणाऱ्या पेचात या तिन्ही गोष्टी सहसा उलट असतात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातला ‘स्पॉल्डिंग विरुद्ध झिमरमन’ हा खटला पाहा. १९५६ मध्ये मोटार अपघात झाला. जखमी तरुण वीस वर्षांचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या कायद्याने अज्ञान (अल्पवयीन). प्रतिवादींच्या वकिलांनी आपल्या डॉक्टरकडून त्याची तपासणी करवली. डॉक्टरने लेखी कळवले, की महाधमनीला फुगवटा आहे, तो फुटला तर जीव जाऊ शकतो आणि तो अपघातामुळे आलेला असू शकतो. तरुणाच्या स्वतःच्या डॉक्टरांच्या नजरेतून हे सुटले होते आणि त्याच्या वकिलाने समोरच्या पक्षाचा अहवाल मागितलाच नाही. ६,५०० डॉलरवर तडजोड झाली. वादी अज्ञान असल्याने तिला कोर्टाची मंजुरी लागली. तिथेही प्रतिवादींचे वकील गप्प राहिले. १९५९ मध्ये लष्करी राखीव दलाच्या तपासणीत फुगवटा सापडला, शस्त्रक्रिया झाली. तडजोड रद्द झाली आणि वरच्या कोर्टाने १९६२ मध्ये ते उचलून धरले. पण त्याची कारणमीमांसा अडचणीची होती: पक्ष एकमेकांविरुद्ध लढत होते तोवर सांगण्याचे बंधन नव्हते, तडजोड कोर्टापुढे ठेवल्यावर मात्र दडवणे चालत नाही. थोडक्यात, हा तरुण सज्ञान असता तर तडजोड बहुधा टिकली असती.

वर्गात इथे दोन तट पडतात. कर्तव्यवादी म्हणतात, गोपनीयतेचे वचन म्हणजे वचन. परिणामवादी म्हणतात, एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला प्रतिवादींच्या विमा कंपनीचे काही हजार डॉलर. यात तोलायचे काय? दोन्ही बाजू तावातावाने मांडल्या जातात आणि तास संपतो. पुढे अभ्यासकांनी हा खटला खणून काढला, तेव्हा दिसले ते असे की वकिलांनी आपल्या अशिलांना विचारलेच नव्हते. गुपित वकिलाच्या मालकीचे नसते. ते अशिलाचे असते आणि अशील ते मोकळे करू शकतो. ‘त्या पोराच्या जिवाला धोका आहे, सांगू का?’ एवढा प्रश्न विचारला असता तर बहुतेक माणसांनी काय उत्तर दिले असते, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. ज्याला आपण दोन कर्तव्यांचा संघर्ष म्हणतो, तो अनेकदा एक संभाषण टाळल्यामुळे उभा राहिलेला असतो.

विचारण्याचीही रीत असते. धोका साध्या भाषेत सांगायचा. सांगितल्याने अशिलाचे नेमके काय जाईल, ते आकड्यात सांगायचे. पैसे विमा कंपनी भरणार असेल तर कंपनीचे हित आणि अशिलाचे हित एक नाही, हे स्पष्ट करायचे. गरज पडली तर स्वतंत्र सल्ला घ्यायला लावायचे. उत्तर तारखेसह लिहून ठेवायचे. नकार आला तर तोही लिहायचा आणि मगच गोपनीयतेच्या नियमातला अपवाद शोधायचा.

अशील ‘नाही’ म्हणाला तर पुढे काय? इथे मला तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांची १९३० मधली मांडणी कर्तव्यवादी कांटपेक्षा आणि परिणामवादी बेंथमपेक्षाही उपयोगी वाटते. रॉस म्हणतात, कर्तव्ये प्रथमदर्शनी असतात. हा शब्द वकिलाला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक कर्तव्य लागू आहे असे धरून चालायचे. त्याहून भारी कर्तव्य आडवे आले तरच ते मागे पडते. मात्र मागे पडलेले कर्तव्य नाहीसे होत नाही, त्याची बाकी उरते. गोपनीयता मोडावीच लागली तर अशिलाला आधी कळवावे, आवश्यक तेवढेच सांगावे, ज्याला कळणे गरजेचे आहे त्यालाच सांगावे. बाकीची फाईल बंदच राहते. एकदा तोंड उघडले म्हणून सगळेच ओकून टाकणे, ही चूक गप्प बसण्याइतकीच नेहमीची आहे.

अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नमुना नियमांत २००२ मध्ये बदल होऊन जवळजवळ निश्चित असा मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा टाळण्यासाठी माहिती उघड करण्याची मुभा आली. मुभा, सक्ती नव्हे. शिकागोतल्या एका प्रकरणाने तिची मर्यादा दाखवली. १९८२ मध्ये दोन वकिलांना त्यांच्या अशिलाने सांगितले, की ज्या खुनासाठी दुसराच माणूस पकडला आहे तो खून मी केला. वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून सीलबंद ठेवले आणि अशिलाच्या मृत्यूनंतर ते उघड करण्याची परवानगी त्याच्याकडून घेतली. अशील २००७ मध्ये वारला. निर्दोष माणूस २००८ मध्ये, २६ वर्षांनी, सुटला. वकिलांना भ्याड म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्यांनी विचारले होते आणि लिहून ठेवले होते, म्हणूनच २००८ मध्ये हातात कागद होता. दोष नियमाचा आहे: २६ वर्षांचा तुरुंगवास ‘शारीरिक इजे’त बसत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या नियमात चुकीच्या फाशीसोबत चुकीच्या कैदेचाही अपवाद स्पष्ट लिहिला आहे. तसे इतरांनाही लिहिता येईल.

परिणामवाद कामाच्या ठिकाणी बिघडतो तो वेगळ्या जागी. हिशेब चुकतो त्याआधी पुराव्याचे ओझे गुपचूप दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाचे बूस्टर (उड्डाणाला जोर देणारे रॉकेट) बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी थंडीत रबरी ओ-रिंग (सांधे बंद ठेवणाऱ्या कड्या) नीट बसणार नाहीत म्हणून उड्डाणाला विरोध केला. ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ ही नेहमीची रीत. त्या रात्री ती फिरली आणि ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ अशी झाली. तेवढा विदा (आकडेवारी) कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या दिवशी सात जणांचा जीव गेला. म्हणून कोणत्याही बैठकीत पहिला प्रश्न असावा: शंका राहिली तर निर्णय कोणत्या बाजूने जाणार? तो उड्डाणाच्या आदल्या रात्री ठरवून चालत नाही.

न्यायाधीशांची गोष्ट आणखी वेगळी, कारण त्यांना कारणे लिहावी लागतात. इंग्लंडच्या अपील कोर्टापुढे २००० मध्ये जोडलेल्या जुळ्या मुलींचा खटला आला. वेगळे केले तर एक लगेच मरणार, न केले तर दोघीही काही महिन्यांत. इथे विचारून प्रश्न सुटला नाही: बाळांना विचारता येत नव्हते आणि आईवडिलांनी नकार दिला होता. तिन्ही न्यायाधीशांनी शस्त्रक्रियेला परवानगी दिली, पण वेगवेगळ्या वाटांनी. एकाने स्वसंरक्षणाशी साधर्म्य दाखवले, एकाने डॉक्टरांचा हेतू आणि मुलींचे हित पाहिले, तर न्या. ब्रूक यांनी अपरिहार्यतेच्या (मोठा अनर्थ टाळायला नाइलाजाने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, या बचावाच्या) तीन अटी लावल्या: अनर्थ दुसऱ्या मार्गाने टळण्याजोगा नसावा, गरजेहून जास्त काही करू नये, आणि केलेली हानी टाळलेल्या हानीच्या प्रमाणाबाहेर नसावी.

त्यांना आडवा येत होता १८८४ चा ‘डडली आणि स्टीफन्स’चा निकाल. जहाज बुडाल्यावर होडीत अडकलेल्या खलाशांनी सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारून खाल्ले. कोर्टाने अपरिहार्यता नाकारून फाशी सुनावली. ती पुढे राणीच्या अधिकारात सहा महिन्यांच्या कैदेवर आली. न्या. ब्रूक यांनी दोन्हींतला फरक दाखवला. जुळ्यांमध्ये कोण जगू शकत नाही हे निसर्गानेच ठरवले होते. होडीत मात्र सर्वांत दुबळा निवडला गेला. ज्युरीने नोंदवलेल्या वस्तुस्थितीत एक कोरडे वाक्य आहे: मुलाने मारले जाण्यास संमती दिलेली नव्हती.

आपला,
व्यावसायिक नीतीचा एक अभ्यासक