तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आधी मुद्द्याचं सांगते. श्रीलंकेची तिकिटं काढली. आपल्या तिघांची. माघी गणपतीचा उत्सव आटोपला की निघायचं आणि शिमग्याला पालखी दारात यायच्या आत घरी. दादाशी बोलूनच काढली आहेत. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं की बाबा "बघू पुढच्या वर्षी" म्हणतात, आई त्यांच्याकडे बघते, आणि विषय तिथेच मिटतो.

बाबा, वाडीला सवड अशी कधी होणारच नाही. भात झालं की सुपारी, सुपारी झाली की शिंपणं, मग आंबा, मग पुन्हा पाऊस. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने माड आडवे केले, तेव्हापासून तुम्ही प्रवासाचं नावच टाकलंत. मी समजू शकते. पण नवे लावलेले माड आता आपापल्या पायावर उभे आहेत. दादा-वहिनी त्या सगळ्या दिवसांत आंजर्ल्यालाच राहणार आहेत, दादाने रजा टाकली आहे. पंप सकाळ-संध्याकाळ गडी लावील, देवांची पूजा दादा करील, मांजरीला काकू बघेल. चंदन कुठे आणि सहाण कुठे, हे दादाला दाखवून ठेवा म्हणजे झालं.

फेब्रुवारीच का, तेही सांगते. त्यांचा नैर्ऋत्येचा पाऊस मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच पश्चिम आणि दक्षिण किनारा झोडपतो, ईशान्येचा हिवाळ्यात उत्तर-पूर्वेला पडतो. आपण फिरणार त्या भागाला फेब्रुवारी सगळ्यात बरा. विमान जेमतेम अडीच तासांचं, म्हणजे खेडहून मुंबईला गाडीने येण्यापेक्षा कमी. आणि घड्याळ बदलावं लागत नाही, तिथली वेळ आपलीच. त्यामुळे बाबांच्या गोळ्या आणि आईचं साखरेचं औषध ठरल्या वेळीच.

आता बाबा, रागावू नका. सिगिरियाच्या खडकावर चढायचं नाही.

कपाटाच्या दाराला आतून तुम्ही ते कॅलेंडरचं चित्र चिकटवलंय, त्याचा डावा कोपरा उदबत्तीने जळलाय, मला सगळं आठवतं. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला, हे मला तुम्हीच सांगितलंत. पण वर जायला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत, त्यातल्या कितीतरी कड्याला लटकवलेल्या लोखंडी जिन्यांच्या. गेल्या माघात कड्यावरच्या गणपतीला जाताना तुम्ही अर्ध्यावर गुडघा धरून बसलात आणि "वारा छान आहे" म्हणालात. आईने मला नंतर सांगितलं. शिवाय हृदयात स्टेंट आहे. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिलाय, असल्या चढाला नाही. मीसुद्धा चढणार नाही. पायथ्याशी राजाच्या पाण्याच्या बागा आहेत, हौद, कालवे आणि पावसाळ्यात अजून उडणारी कारंजी. सगळं सपाट. सकाळी लवकर जाऊ, तुम्ही तिथे बसून खडक डोळे भरून बघा, हवा तितका वेळ. कोणी घाई करणार नाही.

त्याऐवजी अनुराधपूरला पूर्ण दिवस ठेवलाय. तिथला बोधिवृक्ष म्हणजे अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बोधगयेहून नेलेल्या फांदीचं झाड. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेलं आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या राखलेलं. खालच्या फांद्यांना टेकू दिलेत. तुम्ही वादळात कललेल्या फणसाला दिलेत ना, तसे. दांबुल्लाच्या लेण्यांना पायऱ्या आहेत, पण तिथे थांबत थांबत जाता येतं. झेपलं तर वर, नाही तर खाली आईसोबत बसायचं.

देवळांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तापते, म्हणून जाड पायमोजे हवेतच. पन्हाळेकाजीच्या लेण्यांत माझी चप्पल तुटली होती आणि कातळ भाजत होता, तेव्हा तुम्ही तुमचे पायमोजे मला चढवलेत. ते माझ्या गुडघ्यापर्यंत आले होते. तुम्ही स्वतः अनवाणी चाललात आणि मी मजेत लेणी मोजत होते. आता मी तिघांचे घेऊन येते.

आई, तुझ्यासाठी नुवारा एलियाजवळ सीता एलिया आहे. ओढ्याकाठी सीतेचं देऊळ, अशोकवन तेच असं तिथले लोक मानतात. खडकावरच्या खळग्यांना हनुमंताची पावलं म्हणतात. तू तिथे निवांत बस, जप कर, मी मध्ये बोलणार नाही. फक्त नुवारा एलिया जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. रात्री चांगलंच गारठतं. कानटोपी आणि माझा तो हिरवा स्वेटर घे. "मला नाही वाजत थंडी" हे चालणार नाही.

जेवणाची काळजी तर मुळीच नको. भात, नारळाचं दूध आणि मासे यांवरच तो देश चालतो. सकाळी इंदिआप्प मिळतात, म्हणजे आपले शिरवाळेच, फक्त रसाऐवजी कालवणाशी खातात. आंबुल थियल म्हणून आंबट मासे करतात, त्यात गोरका घालतात. तो आपल्या कोकमाच्याच कुळातला. त्यामुळे आमसुलं बांधून घेऊ नकोस, आगळाची बाटली तर नकोच, सामानात फुटली की सगळ्या साड्या गेल्या. दह्यावर कित्तुल नावाच्या माडाची काकवी ओततात. ती तुला एक चमचा, माझ्या देखत.

कँडीजवळ पेरादेनियाची बाग आहे, बाबा, तिथे मी मुद्दाम अख्खी सकाळ ठेवली आहे. जुळ्या नारळाची झाडं आहेत. त्याचं बी जगातलं सगळ्यात मोठं. दक्षिणेला दालचिनीच्या बागा. विहिरीमागची आपली कोकण तेज दालचिनी तुम्ही सोलता, तशी ते सोलतात, पण साल कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली आणि सावलीत सुकवलेली. तुम्ही सोलणाऱ्याच्या हाताकडे नीट बघा, पुढच्या वर्षी घरी करू. शेवटी गॉलचा किल्ला. १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केला, पुढे डचांनी तटबंदी भक्कम केली. आत अजून माणसं राहतात. तटावरून समुद्र बघत सावकाश चालायचं, सुवर्णदुर्गासारखं होडीतून उड्या मारत उतरणं नाही.

उडवलवेचे हत्ती वगळले. जीपची आदळआपट आईच्या कमरेला सोसणार नाही. सगळीकडे आपली स्वतंत्र गाडी आहे, खोल्या तळमजल्यावर आणि कमोडच्या सांगितल्या आहेत. बाबांच्या हृदयाचं सगळं खरं सांगून प्रवासाचा विमा घेतलाय. खर्चाबद्दल बाबांनी एक शब्द काढायचा नाही. माझ्या शिक्षणाच्या वेळी आईच्या पाटल्यांचं काय झालं, ते मला कळत नव्हतं असं समजू नका.

आता कामं. दादा मस्कतला असताना काढलेले पासपोर्ट लोखंडी पेटीतून काढून पहिल्या पानाचा फोटो त्याच्याकडून मला पाठवा, पुढची ऑनलाइन परवानगी मी काढते. बाबांनी दापोलीला जाऊन डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून घ्यायची, दोन प्रती. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. आईने नवे बूट आत्तापासून अंगणात घालून फिरायचं, विमानतळावर पहिल्यांदा घालायचे नाहीत. आणि बाबा, तुमचं काही म्हणणं असेल तर ते आईच्या तोंडून नको. मला फोन करा, रात्री जेवणानंतर, मी वाट बघते. फक्त सिगिरियाचं सोडून काहीही बदलू.

तुमची,
चिमी